कानातील ओळंबा

कान कशासाठी, असा प्रश्न वर्गात विचारला की ‘ऐकण्यासाठी’ हे उत्तर तत्काळ मिळते. उत्तर बरोबर आहे. परंतु ते अर्धेच आहे. भिंत सरळ उभी राहावी म्हणून गवंडी ओळंबा सोडतो, आणि थर समपातळीत आहे की नाही हे पाणसळीने पाहतो. आपल्याही दोन्ही कानांच्या आत निसर्गाने अशी ओळंबा-पाणसळ बसवून दिली आहे. ऐकणे आणि तोल सांभाळणे ही दोन भिन्न कामे एकाच इवल्याशा इंद्रियाकडे कशी आली, आणि पीथमपुरासारख्या यंत्रांच्या गावात राहणाऱ्यांनी त्याची विशेष काळजी का वाहावी, हे येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

कानाचे तीन भाग आहेत. बाहेरून आलेला आवाज कर्णपटलावर आदळतो आणि ते पातळ पटल थरथरू लागते. त्याच्या मागे हातोडी, ऐरण आणि रिकीब या नावांची तीन चिमुकली हाडे साखळीसारखी जोडलेली असतात. ती ही थरथर पुढे पोचवितात. त्यांच्याही पलीकडे, कवटीच्या अत्यंत कठीण हाडात कोरलेल्या पोकळीत, अंतःकर्ण असतो. तो द्रवाने भरलेला असतो आणि आपल्या कथेचा नायक तोच होय.

अंतःकर्णाचा एक भाग गोगलगाईच्या शंखासारखा वळलेला असतो. त्याला कर्णावर्त म्हणतात. तो सरळ केला तर जेमतेम ३५ मिलिमीटर भरेल. त्याच्या आत सुमारे १५ हजार रोमपेशी ओळीने मांडलेल्या असतात. प्रत्येक पेशीच्या माथ्यावर अतिसूक्ष्म केसांचा झुबका असतो. रिकिबीच्या धक्क्याने द्रवात लाट उठते, केस लवतात, आणि तो संदेश मज्जातंतूंतून मेंदूकडे जातो. बारीक, उंच पट्टीचे स्वर कर्णावर्ताच्या तोंडाशी, तर खर्जातले स्वर त्याच्या टोकाशी टिपले जातात. द्रवातील ही लाट कशी धावते, याचा शोध गेओर्ग फॉन बेकेसी यांनी लावला आणि त्याबद्दल त्यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता दुसरा भाग पाहू. कर्णावर्ताला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन जशी एकमेकींशी काटकोनात मिळतात, तशीच या नलिकांची मांडणी असते. त्यामुळे डोके कोणत्याही दिशेने वळले, तरी एखादी तरी नलिका ते टिपतेच. त्यांच्या बुडाशी दोन लहान पिशव्या असून त्यांतील रोमपेशींवर चुनखडीचे सूक्ष्म कण पसरलेले असतात. डोके कलले की हे जड कण घसरतात आणि खालची बाजू कोणती, ते मेंदूला कळते. हाच आपला ओळंबा! ऐकणे काय आणि तोल काय, दोन्हींच्या मुळाशी युक्ती एकच आहे: केसांचा झुबका लवतो आणि मेंदूला वार्ता कळते.

नलिकांचे काम समजण्यासाठी एक सोपा प्रयोग करून पाहा. पाण्याने भरलेल्या वाटीत तुळशीचे एक पान सोडा आणि वाटी जागच्या जागी गर्रकन फिरवा. वाटी फिरते, पान मात्र क्षणभर होते तेथेच राहते. उलट, वाटी बराच वेळ फिरवून एकदम थांबविली, तर पाणी फिरतच राहते. फुगडी थांबल्यावर सारे घर फिरल्यासारखे वाटते, त्याचे कारण हेच. पाय थांबले, परंतु कानातील द्रव थांबला नाही!

दुसरा प्रयोग पुस्तकाचा. पुस्तक स्थिर धरून मान भराभर डावी-उजवीकडे हलवा. अक्षरे वाचता येतात. आता मान स्थिर ठेवून पुस्तक तितक्याच वेगाने हलवा. अक्षरे पुसट होतात. मान हलते तेव्हा कान डोळ्यांना तत्क्षणी सूचना देतो आणि डोळे उलट दिशेला वळून अक्षर पकडून ठेवतात. पुस्तक हलते तेव्हा कानाला त्याची खबरच नसते.

सुटीत आपली कुटुंबे माळव्यातून महाराष्ट्राकडे निघतात, तेव्हा सेंधव्याजवळच्या बिजासन घाटात काहींना गाडी लागते. आमच्या कोकणी मंडळींना बोट लागते, तोच हा प्रकार. हातातील पुस्तक स्थिर आहे, असे डोळे सांगतात. आपण वळत आहोत, असे कान सांगतो. या दोन साक्षीदारांचे जमले नाही, म्हणजे मळमळ सुरू होते. म्हणून घाटात पुस्तक मिटावे आणि दूरवर समोर पाहावे.

पीथमपुरातच याच्या उलट उदाहरण आहे. येथील वाहन-चाचणी केंद्र ‘नॅट्रॅक्स’ याचा ११.३ किलोमीटर लांबीचा लंबवर्तुळाकार वेगमार्ग २०२१ साली खुला झाला. त्याची वळणे आतल्या बाजूस उतरती बांधली आहेत. ताशी २५० किलोमीटर वेगाने गेले असता तेथे गाडीला बाजूचा रेटा जाणवत नाही, अशी त्यांची रचना आहे. गाडी चांगलीच कललेली असते, तरी कानातील कण सरळ आसनाच्या दिशेनेच दाबले जातात. डोळे मिटले, तर आपण कललो आहोत याचा पत्ताही लागू नये!

असो. आता मुख्य गोष्टीकडे वळू. कोंबडीच्या कानातील रोमपेशी नष्ट झाल्या तर पुन्हा उगवतात. मनुष्याच्या कर्णावर्तातील रोमपेशी एकदा गेल्या की गेल्या. जन्मतः मिळालेल्या पुंजीवरच आयुष्य काढावयाचे असते. सतत आठ तास ८५ डेसिबलपेक्षा मोठा आवाज कानावर पडत राहिला, तर ही पुंजी वर्षानुवर्षे झिजत जाते. आवाज तीन डेसिबलने वाढला की सुरक्षित काळ निम्म्यावर येतो. म्हणजे ८८ डेसिबलला चारच तास! मोठ्या आवाजाने येणाऱ्या बहिरेपणाची गणना १९४८ च्या कारखाना कायद्यात कळविण्यायोग्य रोगांत झाली होती, ती उगीच नव्हे.

आपल्यापैकी कित्येकांचे आईवडील पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांपाशी पाळी करून घरी येतात. हा बहिरेपणा चोरपावलांनी येतो. प्रथम कान वाजतात. मग उंच पट्टीचे आवाज हरपतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने निसटू लागतात. कोणी बोलत आहे हे कळते, परंतु काय बोलत आहे ते उमगत नाही. म्हणून वडिलांनी तीच गोष्ट तिसऱ्यांदा विचारली, तर मुलांनी चिडू नये, हसू तर मुळीच नये. समोर बसून, सावकाश, स्पष्ट बोलावे आणि त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे तपासणीस न्यावे. कारखान्यात इअर-प्लग किंवा कान झाकणारी साधने वापरण्याचा प्रेमाने आग्रह धरावा. कापसाचा बोळा पुरेसा होत नाही.

विद्यार्थ्यांनीही सावध असावे. मिरवणुकीतील भोंग्यांपासून दूर राहावे, आणि कानात यंत्र घालून गाणी ऐकताना शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येईल इतकाच आवाज ठेवावा. गवंड्याचा ओळंबा हरवला तर बाजारातून दुसरा आणता येतो. कानातील हे नाजूक केस कोणत्याही बाजारात मिळत नाहीत. ते आहेत तोवरच जपावयाचे असतात.