स्थावराचे जंगम

कायद्याने मालमत्तेचे स्थावर आणि जंगम असे दोन विभाग पाडले, तेव्हा सुतारकामाच्या यंत्रांचा विचार कोणी केला नसावा. कारण बिडाचे जाड टेबल, पोलादी अंग आणि पोटाशी टांगलेली मोटार असे दोनअडीचशे किलोंचे करवतयंत्र एकदा एखाद्या जागी उतरवले, की दप्तरी ते जंगम असले तरी वस्तुतः शेजारच्या भिंतीइतकेच स्थावर होऊन बसते. माझ्या परिचयाच्या एका मिस्त्रींची सुतारशाळा पुण्याच्या जुन्या पेठेतील एका वाड्याच्या तळमजल्यावर आहे. खोली दहा फूट रुंद, अठरा फूट लांब. आणि तीत चकती करवत, रंधायंत्र, पट्टा करवत व लेथ असा चौघांचा संसार.

परकी माणसे यंत्राचे माप घेतात ते त्याच्या अंगाचे. करवतीचा कब्जा असतो जेमतेम तीन फुटांचा. पण आठ फुटी फळी उभी चिरायची तर पात्याच्या अलीकडे आठ फूट आणि पलीकडे आठ फूट मोकळे लागतात. ही फळीची वहिवाट. रंध्याचीही वहिवाट तेवढीच, आणि दोघांचा हक्क एकाच अठरा फुटांवर. तेव्हा एकाने काम करावे आणि बाकीच्यांनी भिंतीला पाठ लावून वाट पाहावी, एवढीच तडजोड शक्य होती.

एकच बाष्पयंत्र साऱ्या कारखान्याला फिरवीत असे त्या काळी यंत्र हलवण्याचा हा प्रश्न उद्भवतच नसे. छताखालून जाणाऱ्या लांब लोखंडी दंडावरून चामड्याचा पट्टा एकेका यंत्रावर उतरे, आणि तो सरळ रेषेत राहावा म्हणून यंत्राला तसूभरही हलण्याची मुभा नसे. यंत्रागणिक स्वतंत्र विजेची मोटार आली, तेव्हा कुठे ही ताबेदारी संपली.

मिस्त्रींचा पहिला प्रयत्न सरळसोट होता. त्यांनी लोखंडी अँगलची चौकट वेल्ड करून घेतली, चार कोपऱ्यांना चार फिरती रबरी चाके लावली आणि करवत तिच्यावर चढवली. तो चढवण्याचा सोहळा मी पाहिला आहे: पहारीला टेकू, एक बाजू इंचभर उचलली की खाली पाचर, मग दुसरी बाजू, पुन्हा पाचर, आणि "बोटं काढा रे, आधी बोटं काढा!" हा मिस्त्रींचा घोष अखंड.

यंत्र सरकू लागले खरे, पण ते थांबेना. ब्रेक चाकाला धरी, चाकाची मान मात्र फिरतच राही. सागाची फळी रेटली की यंत्र बुजलेल्या बैलासारखे अंग झाडी आणि कापाची कड नागमोडी येई. टेबल पाच इंच उंच झाले ते वेगळेच. एकाच जागी उभे राहून रबर खालून चपटे बसले तेही वेगळेच. हिशेबही फसला होता. 240 किलो भागिले चार म्हणजे 60, असे त्यांचे गणित. पण शहाबादी फरशीवर चौथे चाक केव्हा अधांतरी राहील याचा नेम नाही, म्हणून ओझे तिघांवरच आहे असे धरून दर चाकाला 80 किलो मोजणे शहाणपणाचे.

दुसऱ्या खेपेस त्यांनी चाके यंत्राखालून काढून जड बाजूला, मोटारीच्या अंगाला, बाहेरून बसवली. दोनच, न वळणारी, प्रत्येकी दीडशे किलोंच्या तोलाची आणि जमिनीपासून केसभर वर. एरवी यंत्र स्वतःच्या चार पायांवर उभे असते. समोरच्या बाजूने लांब दांडा अडकवून उचलला, की ते किंचित कलते, पाय सुटतात आणि भार चाकांवर जातो. बांधकामावरच्या एकचाकी हातगाडीचेच हे तत्त्व. भाराचा मध्य आसापासून अर्ध्या फुटावर आणि मूठ चार फुटांवर, म्हणजे आठास एक. 240 किलोंसाठी हाताला 30 किलो. दांडा काढला की यंत्र पुन्हा स्थावर. मला या योजनेत सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की कामाच्या वेळी चाकांचा यंत्राशी काही संबंधच उरत नाही.

पट्टा करवतीची तऱ्हा निराळी. तिची दोन मोठी चाके एकावर एक असल्यामुळे ती उंच, डोक्याने जड आणि बुडाशी अरुंद. तिला दोन इंची चाके होती, तेव्हा लाकडाची एक ढलपी आड आली आणि ती पुढे झुकली. मिस्त्रींनी खांदा दिला म्हणून निभावले. आता तिची चौकट दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच रुंद आहे, चाके चार इंची आहेत, आणि तिला कमरेच्या वर हात लावून ढकलण्यास सक्त मनाई आहे. वायर छताच्या आकड्यातून खाली येते. प्रत्येक यंत्राच्या मुक्कामाच्या जागा फरशीवर पांढऱ्या ऑइलपेंटने कोनात आखल्या आहेत.

लेथला मात्र चाके नाहीत. "त्याला का वगळलंत?" असे मी एकदा विचारले. "साहेब, वाकडा ओंडका फिरायला लागला की तो थरथरतो. त्याला हलवायचं नाही, दाबून धरायचं." त्यांनी लेथच्या पायांमधील फळीकडे बोट दाखवले. तिच्यावर वाळूची तीन पोती रचलेली होती, आणि चौथे भरायला त्यांनी पोऱ्याला नुकतेच पाठवले होते.