तार शाबूत, तरी फोल्डर उघडेना

वर्कशॉपमधल्या सीएनसी मशीनला जोडलेला संगणक विंडोज एक्सपीवर चालतो, आणि मशीन ठणठणीत आहे तोवर त्याला हात लावायची कुणाची हिंमत होत नाही. मग ऑफिसात नवा सर्व्हर येतो आणि प्रोग्रॅम ठेवलेला शेअर फोल्डर या संगणकावर उघडेनासा होतो. केबल बदलून पाहतात. स्विचवरचा दिवा लुकलुकत असतो, पिंगलाही उत्तर येतं, फोल्डर मात्र नाहीच.

बिघाड कुठेच नसतो. नेटवर्कवर फायली वाटून घेण्याची ‘एसएमबी’ ही पद्धत आयबीएममध्ये १९८०च्या दशकात जन्मली. २००१ साली आलेल्या एक्सपीला तिची फक्त पहिली आवृत्ती कळते. दुसरी आली व्हिस्टाबरोबर. मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर व्हायरस विंडोजमधल्या एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या त्रुटीतून शिरला आणि ब्रिटनची सरकारी रुग्णालयंसुद्धा त्याने वेठीला धरली. दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती, पण बसवतो कोण? त्याच वर्षाअखेरीपासून नव्याने बसवलेल्या विंडोज १०मध्ये पहिली आवृत्ती आपोआप मिळेनाशी झाली. लिनक्स सर्व्हरवर हेच काम करणाऱ्या ‘सांबा’नेही २०१९मध्ये ती मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली.

सांबाच्या सेटिंगमध्ये किमान प्रोटोकॉल ‘एनटी१’ (म्हणजे हीच पहिली आवृत्ती) केला की एक्सपीला दार उघडतं. तरी गाडी बहुधा पासवर्डशी अडते, कारण एक्सपी तो जुन्या एनटीएलएम पद्धतीने पाठवतो. त्याच्या लोकल सिक्युरिटी पॉलिसीत फक्त ‘एनटीएलएम व्ही२’ पाठवण्याचा पर्याय निवडला की तेही निभावतं.

पण एका म्हाताऱ्या संगणकापायी अख्ख्या ऑफिसचा सर्व्हर उघडा टाकणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. त्यापेक्षा मध्ये रास्पबेरी पायसारखा छोटा लिनक्स संगणक बसवावा. त्याला एकच नेटवर्क पोर्ट असतं. दुसऱ्यासाठी यूएसबी अडॅप्टर लागतो. एका तारेने तो सर्व्हरशी एसएमबीच्या तिसऱ्या आवृत्तीत बोलतो आणि हवा तेवढाच फोल्डर दुसऱ्या तारेवरच्या एक्सपीला पहिल्या आवृत्तीत दाखवतो. एक्सपीला इंटरनेट मिळत नाही, बाकीचं ऑफिसही दिसत नाही. वेग थोडा कमी पडतो, पण सीएनसीचा प्रोग्रॅम म्हणजे साधी टेक्स्ट फाइल. बहुतेक वेळा ती काही केबींचीच असते.