विजेत्यांची झाडे जोपासणारी शाळा

भूगोल शिकवायला आलेल्या एका शिक्षकाने जगज्जेते धावपटू घडवले. केनियातल्या एका शाळेची ही हकिकत.

केनियात इटेन नावाचे एक छोटे गाव आहे. तिथल्या सेंट पॅट्रिक्स हायस्कूलच्या आवारातली काही झाडे इतर झाडांपेक्षा वेगळी आहेत. त्यांच्याजवळ पाट्या आहेत आणि पाट्यांवर धावपटूंची नावे. मोठी स्पर्धा जिंकून आलेल्याने शाळेत एक रोप लावायचे, अशी इथली रीत!

इटेन समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही साडेसातशे मीटर उंच. अशा विरळ हवेत वाढलेल्या मुलांचे शरीर कमी प्राणवायूत काम करायला सरावते. पण उंचावरची गावे जगात कमी का आहेत? मग यश याच शाळेला का मिळाले?

उत्तर शोधताना कॉल्म ओ'कॉनेल यांचे नाव पुढे येते. ही मुलांची निवासी शाळा पॅट्रिशियन ब्रदर्स या कॅथलिक संघाची. याच संघाचे ब्रदर कॉल्म १९७६ मध्ये आयर्लंडहून इथे भूगोल शिकवायला आले. धावण्याच्या प्रशिक्षणाचा त्यांना काडीचाही अनुभव नव्हता. मुलांचा सराव घेणारे इंग्रज शिक्षक पीटर फॉस्टर मायदेशी परतले आणि ती जबाबदारी ब्रदरांवर येऊन पडली.

आपल्याला यातले काही येत नाही, हे त्यांनी लपवले नाही. मैदानाच्या कडेला उभे राहून ते मुलांना धावताना बघत राहिले. धावताना मूल मोकळे राहते की अंग आवळून घेते, हात कसे हलतात, पाऊल कसे पडते, हे निरखून त्यांनी आपली पद्धत बसवली. आधी धावण्याची ढब सुधारायची, वेग मागाहून. कोवळ्या वयात शरीराला जुंपायचे नाही आणि विश्रांतीही सरावाइतकीच महत्त्वाची मानायची.

या धीराला फळ आले. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये शाळेचा माजी विद्यार्थी पीटर रोनो १,५०० मीटरच्या शर्यतीत पहिला आला. तेव्हा तो अवघ्या २१ वर्षांचा होता. त्याच वर्षी इब्राहिम हुसेनने बोस्टन मॅरेथॉन जिंकली. हा मान मिळवणारा तो पहिला आफ्रिकी. १९९२ मध्ये बार्सिलोनाला मॅथ्यू बिरिरने ३,००० मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक पटकावले. पुढे डेन्मार्कला गेलेल्या विल्सन किपकेटरने १९९७ मध्ये ८०० मीटरचा सेबॅस्टियन को यांचा १६ वर्षांपूर्वीचा विश्वविक्रम मोडला.

शाळा मुलांची असली तरी ब्रदरांनी दार सर्वांसाठी उघडले. १९८९ पासून सुट्टीतल्या शिबिरांत इतर शाळांतली मुले आणि मुलीही येऊ लागली. २००७ मध्ये ८०० मीटरची जगज्जेती ठरलेली जेनेथ जेपकोसगेई ही त्यांचीच शिष्या.

डेव्हिड रुडिशाही असाच बाहेरच्या शाळेतून आला. वडील डॅनियल यांनी १९६८ च्या ऑलिम्पिकमध्ये रिलेचे रौप्यपदक मिळवले होते. मुलाचा ओढा ४०० मीटरकडे. पण त्याची खरी शर्यत ८०० मीटरची, हे ब्रदरांनी ओळखले. लंडनला २०१२ मध्ये रुडिशाने १ मिनिट ४०.९१ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. ८०० मीटर १ मिनिट ४१ सेकंदांच्या आत धावणारा तो जगातला पहिला माणूस. त्या दिवशी आठव्या आलेल्या धावपटूची वेळही आधीच्या तीन ऑलिम्पिकमधल्या विजेत्यांपेक्षा सरस होती!

शाळेत येणारा प्रत्येक मुलगा अर्थातच विजेता होत नाही. बहुतेकांच्या नावाचे झाड तिथे नाही. शिकून ते आपापल्या कामाला लागतात. म्हणूनच ब्रदरांची घाई न करण्याची रीत मोलाची ठरते. विजेता न झालेल्या मुलाचेही तिने नुकसान केले नाही. आपल्या मुलाने पहिलेच यावे म्हणून रात्रंदिवस त्याच्यामागे लागणाऱ्या आईबापांनी एवढे तरी लक्षात ठेवावे : रोप लावल्यावर ते रोज उपटून मुळे किती वाढली, हे पाहायचे नसते.