पांढरे पाणी : आरोग्य कोठवर, आजार केव्हा?

शाळेत आरोग्यावर बोलायला जाते तेव्हा मी पुठ्ठ्याचे एक खोके बरोबर नेते. त्याच्या झाकणाला फट पाडलेली आहे. ज्यांना उभे राहून विचारण्याचा धीर होत नाही त्यांनी नाव न घालता चिठ्ठी आत टाकावी, असा नियम. मुलींच्या शाळेत हे खोके उघडले की एक प्रश्न हमखास निघतो. मागच्या खेपेस तो असा होता : ‘माझ्या अंगावरून पांढरे जाते. शेजारच्या काकू म्हणतात, हाडे वितळून जातात. मी नववीत आहे. किती दिवस जगेन?’

चिठ्ठी वाचून हसू येईल. पण लिहिणारीने ती हसण्यासाठी लिहिली नव्हती. किती रात्री तिने हा हिशोब मांडला असेल कोण जाणे! तेव्हा तिच्या प्रश्नापासूनच आरंभ करू. आणि मुलांनो, हे आपल्यासाठी नाही म्हणून पान उलटू नका. उद्या घरात हाच प्रश्न बहिणीला पडेल, तेव्हा तुम्हाला उत्तर ठाऊक असलेले बरे.

योनिमार्गातून जाणारा हा स्राव कशाचा बनलेला असतो? बहुतेक भाग पाणी. त्यात गर्भाशयाच्या तोंडाशी असलेल्या ग्रंथींचा बुळबुळीत श्लेष्मा, योनिमार्गाच्या अस्तरावरून झडलेल्या जुन्या पेशी आणि काही जीवाणू. हाडातला चुना त्यात वितळून येत नाही. वयात आलेल्या निरोगी मुलीच्या अंगावरून दिवसाकाठी साधारण १ ते ४ मिलिलिटर स्राव जातो. चहाचा चमचा ५ मिलिलिटरचा असतो, म्हणजे दिवसाचा सगळा स्राव मिळून एक चमचाही भरत नाही. डोळ्यांत पाणी असते, तोंडात लाळ असते, तसाच हा शरीराचा नित्याचा ओलावा आहे. पहिली पाळी येण्याआधी सहा महिने ते वर्षभर तो दिसू लागतो. म्हणजे आमच्या नववीतल्या मुलीला ज्याची भीती वाटत होती, ती तिच्या वाढीची खूण होती.

आता यातले रसायनशास्त्र पाहू, कारण ते फार सुंदर आहे. वयात येताना अंडाशयातून इस्ट्रोजेन हे संप्रेरक पाझरू लागते. त्याच्या प्रभावाने योनिमार्गाचे अस्तर जाड होते आणि त्याच्या पेशींत ग्लायकोजेन नावाची साखरेची साठवण होते. या साखरेवर काही दंडाकृती जीवाणू जगतात आणि तिचे लॅक्टिक आम्ल करतात. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ आल्बर्ट डोडरलाइन यांनी १८९२ साली या जीवाणूंचे वर्णन केले. दुधाचे दही लावणाऱ्या जीवाणूंचे हे भाऊबंद होत. त्यांच्या आम्लामुळे तेथला सामू, म्हणजे प्रयोगशाळेत आपण ज्याला पीएच म्हणतो तो, ३.८ ते ४.५ च्या घरात राहतो. शुद्ध पाण्याचा सामू ७. सातावरून चारावर येणे म्हणजे आम्लता हजार पटींनी वाढणे! अशा आंबट जागी बाहेरून आलेल्या पुष्कळशा रोगजंतूंचा टिकाव लागत नाही. गडद रंगाच्या चड्डीवर कधी कधी फिकट डाग पडतो तोही याच आम्लाचा प्रताप. पुष्कळ मुली त्यालाच रोग समजतात.

मात्र भाऊबंद म्हणजे तेच नव्हेत. म्हणून आत दही लावण्याचा जो घरगुती उपाय सांगतात, तो करू नये.

हा स्राव महिनाभर सारखा नसतो. पाळी संपल्यावर थोडे दिवस तो जेमतेम असतो. पाळीच्या चक्राच्या मध्याला, अंडाशयातून बीज सुटण्याच्या सुमारास, तो वाढतो आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक, दोन बोटांत धरल्यास तार धरणारा होतो. बीज सुटून गेल्यावर तोच दाट, चिकट, दुधाळ होतो. कपड्यावर वाळला की किंचित पिवळट दिसतो. मध्याच्या दिवसांतला श्लेष्मा काचपट्टीवर वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर नेच्याच्या पानांची नक्षी उमटलेली दिसते. ही नक्षी काढणारा कलावंत म्हणजे आपले साधे मीठ! संप्रेरकांमुळे श्लेष्म्यातले पाणी व क्षार वाढतात आणि वाळताना त्या क्षाराचे स्फटिक फांद्या फोडत जातात. काही दिवसांनी घेतलेल्या नमुन्यात ही नक्षी नाहीशी होते. वहीत तारखा मांडून तीन महिने नोंद ठेवली तर आपली ‘नेहमीची रीत’ कोणती ते ज्या त्या मुलीला कळू शकेल. पाळी सुरू झाल्यावर पहिली एकदोन वर्षे मात्र ही रीत बरीच अनियमित असते.

नेहमीची रीत ठाऊक असण्याचा फायदा असा की ती बिघडली तर लगेच लक्षात येते. बिघडण्याचे प्रकार पुष्कळ आहेत. दह्याच्या कवडीसारखा घट्ट पांढरा स्राव, वास नाही, पण खाज इतकी की वर्गात बसवत नाही : हे बहुधा कँडिडा या बुरशीचे काम. ती थोड्या प्रमाणात तेथे असतेच. दुसऱ्या एखाद्या आजारासाठी घेतलेल्या प्रतिजैविकांनी राखणदार जीवाणू मेले की तिचे फावते. राखणदार हटून दुसऱ्याच जीवाणूंची गर्दी झाली, तर स्राव पातळ, राखाडी होतो आणि त्याला माशांसारखी घाण येते. तिसरा प्रकार ट्रायकोमोनास नावाच्या एकपेशीय प्राण्याचा. पॅरिसचे वैद्य आल्फ्रेड दोने यांनी १८३६ साली तो सूक्ष्मदर्शकाखाली शेपट्या हलवत धावताना पाहिला. याने स्राव पिवळा-हिरवा, कधी फेसाळ होतो, जळजळ होते. तो शरीरसंबंधातून पसरतो, म्हणून उपचार दोघांनाही घ्यावे लागतात. शरीरसंबंधातून पसरणारे आणखीही जंतू आहेत. ते वर गर्भाशयाकडे व बीजवाहिन्यांकडे सरकले की ओटीपोटात दुखते, ताप येतो, आणि हयगय केल्यास पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते.

आता म्हणाल, नुसत्या रंगावरून ओळखता येईल की! येत नाही. अनुभवी डॉक्टरांचीही येथे फसगत होते, म्हणून ते कापसाच्या बोळ्यावर नमुना घेतात, पीएच कागद लावतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कँडिडात सामू बहुधा नेहमीसारखाच राहतो, बाकीच्या दोहोंत ४.५ च्या वर चढतो. शाळेत लिटमसचा कागद निळ्याचा तांबडा करून पाहिलात, त्याच जातीची ही चाचणी आहे. बुरशीचे औषध जीवाणूंना चालत नाही आणि जीवाणूंचे बुरशीला, म्हणून मैत्रिणीच्या गोळ्या किंवा दुकानदाराने दिलेले मलम घेऊ नये.

डॉक्टरांकडे कधी जावे? रंग हिरवा, राखाडी किंवा गडद पिवळा झाला, दुर्गंधी आली, खाज वा जळजळ सुरू झाली, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त दिसले, फोड किंवा जखमा आल्या, तर एकदोन दिवसांत दाखवावे. ओटीपोटात दुखून ताप आला तर त्याच दिवशी. वयात न आलेल्या लहान मुलीच्या अंगावरून घाण वासाचे किंवा रक्तमिश्रित पाणी जात असेल तरी थांबू नये. खेळता खेळता एखादी वस्तू आत गेलेली असू शकते. आणि कोणी मनाविरुद्ध स्पर्श केला असेल, तर लक्षण असो वा नसो, विश्वासाच्या मोठ्या माणसाला लगेच सांगावे. असे कोणी जवळ नसेल तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनी आहे. त्यात मुलीचा दोष काडीमात्र नसतो.

तपासणीची भीती हे न जाण्याचे मोठे कारण. किशोरवयीन मुलीची तपासणी बहुधा विचारपूस आणि बाहेरून पाहणे एवढ्यावर भागते. आईला किंवा परिचारिकेला जवळ थांबायला सांगण्याचा, स्त्री डॉक्टर मागण्याचा मुलीला हक्क आहे. किती दिवसांपासून, रंग कसा, वास आहे का, शेवटची पाळी कधी, कोणती औषधे चालू आहेत, एवढे कागदावर लिहून नेले तर बोलण्याचे अर्धे संकट टळते.

हे न बोलणे केवढे महाग पडते त्याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्या स्त्रियांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. बाकीच्यांनी ‘बाईच्या जातीला हे असायचेच’ म्हणून दिवस काढले होते. शेजारच्या काकू अशाच वातावरणात वाढल्या. त्यांना रागवून काय उपयोग?

काकूंच्या बोलण्यात एक गोष्ट मात्र खरी असू शकते : अशक्तपणा. ती मुलगी थकत असेलही, पण पांढऱ्या पाण्यामुळे नव्हे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के रक्तक्षयी आढळल्या. तेव्हा थकवा असेल तर हिमोग्लोबिन तपासावे.

घरच्या काळजीचे फार थोडे आहे. योनिमार्ग स्वतःची स्वच्छता स्वतः करतो. आत साबण किंवा जंतुनाशकाचे पाणी घातले तर राखणदार जीवाणूच धुऊन जातात. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुवावा, शौचानंतर पुढून मागे. चड्डी सुती असावी, रोज बदलावी आणि उन्हात वाळवावी. दुसऱ्या कपड्याखाली लपवून नव्हे, सरळ दोरीवर, भावाच्या बनियनच्या शेजारी.