कळा बुटक्या करताना

टंकलेखन करताना कोपरे अंगापासून थोडी दूर असतात, बोटे मात्र मध्यभागी जवळ आणावी लागतात. त्यामुळे मनगटे करंगळीच्या बाजूला वाकतात. कळफलकाचे दोन भाग करून ते तिरपे ठेवले तर हा बाक कमी होतो. कार्ल क्रोमर यांनी असा अभ्यास १९७२ सालीच प्रसिद्ध केला होता. आज जपानमधील ४२ कळांच्या ‘कॉर्न’सारख्या दुभागी कळफलकांचे आराखडे कोणालाही मोफत मिळतात.

पण मनगट वरच्या बाजूलाही वळते, आणि ते फलक दुभागून थांबत नाही. त्यासाठी उंचीच कमी करायला हवी. मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंतचे अंतर १५० मिमी धरले, तर कळा १० मिमी खाली आल्यावर कोन सुमारे ४ अंशांनी कमी होतो. (स्पर्शज्या १०/१५०, विद्यार्थ्यांना पडताळून पाहता येईल.)

नेहमीचा ‘चेरी एमएक्स’ स्विच ४ मिमी दाबला जातो, तर बुटका ‘काइल चॉक’ ३ मिमी. दोन्ही साधारण १४ मिमीच्या चौकोनी खाचेत बसतात. मग जुना काढून नवा बसवला की झाले, असे आम्हालाही प्रथम वाटले होते!

अडचण पायांची आहे. स्विचचा मध्य हा आरंभबिंदू मानला, तर एमएक्सचे दोन पाय (-३.८१, २.५४) आणि (२.५४, ५.०८) येथे येतात. चॉकचे पाय (०, ५.९) आणि (५, ३.८) येथे. खर्च वाचावा म्हणून दोन्ही हातांसाठी बहुधा एकच सर्किट बोर्ड उलटासुलटा वापरतात. बोर्ड उलटला की ‘क्ष’चे चिन्ह बदलते, म्हणून एमएक्सला चार छिद्रे लागतात. चॉकला मात्र तीनच पुरतात, कारण त्याचा एक पाय सममितीच्या अक्षावरच आहे आणि त्याचे प्रतिबिंब तोच बिंदू! भूमितीच्या तासाला याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी सापडलेले नाही.

एकाच बोर्डवर दोन्ही स्विचची सोय करायची म्हटली तर सात छिद्रे होतात. त्यांपैकी (३.८१, २.५४) आणि (५, ३.८) यांच्यातील अंतर काढून पाहा. ते जेमतेम १.७ मिमी येते, आणि छिद्रांनाही स्वतःची रुंदी असतेच. म्हणून एक स्विच १८० अंशांतून फिरवून बसवणे सोयीचे पडते.

कळांमधील अंतरही बदलते. एमएक्सचे अंतर १९.०५ मिमी, म्हणजे पाऊण इंच. चॉकच्या टोप्या लहान असल्याने आडवे १८ आणि उभे १७ मिमी पुरते. सहा स्तंभांत मिळून सव्वापाच मिमीचा फरक पडतो. त्यामुळे स्क्रूची छिद्रे, कडा, पेटी असे सगळेच नव्याने आखावे लागते.

आम्ही चुकलो ते मात्र उभ्या मापात. बोर्डपासून प्लेटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत एमएक्सला ५ मिमी जागा मिळते, चॉकला फक्त २.२. त्यातून प्लेटची जाडी वजा केली की एमएक्समध्ये ३.५ मिमी उरतात, चॉकमध्ये १ मिमी. प्रत्येक कळेला एक डायोड असतो. तारांचे पाय असलेला साधा डायोड सुमारे २ मिमी जाड. पहिल्या नमुन्यात आम्ही तेच डायोड बोर्डच्या वरच्या बाजूला जोडले आणि प्लेट काही केल्या बसेना. अखेर सगळे उपटून पृष्ठभागावर चिकटणारे चपटे डायोड खालच्या बाजूने लावले.

बोर्ड बनवायला देण्यापूर्वी आता आम्ही आराखडा मूळ मापात कागदावर छापतो, पुठ्ठ्याला चिकटवतो आणि त्यावर बोटे ठेवून पाहतो. करंगळीचा स्तंभ किती खाली घ्यायचा हे त्या पुठ्ठ्यावरच कळते.