पाटी कुठं लावणार?

फाल्गुन सरत आला की मी लाल कापडी पुठ्ठ्याची वही काढतो आणि फोन घेऊन बसतो. पहिला फोन कोईमतूरला, थोरल्या चुलतभावाला. मला काही मागावं लागत नाही. "काय रं मास्तर, यात्रा आली व्हय?" असं तोच म्हणतो आणि आकडा सांगून मोकळा होतो. मग त्रिचूर, मदुराई, कानपूर. दोन संध्याकाळी गेल्या की गावच्या नाथाच्या यात्रेचा निम्मा खर्च वहीत उतरलेला असतो. गावातल्या घरपट्टीच्या वर्गणीला मात्र मला उंबरे झिजवावे लागतात.

आमचं गाव सांगोल्याच्या पश्चिमेला, आटपाडीच्या शिवेकडं. माण नदी इथून जाते, पण वर्षातले बरेच महिने नुसती वाळूच असते. या पट्ट्यातल्या माणसानं पोटासाठी गलाईचा धंदा धरला. जुनं सोनं-चांदी भट्टीत गाळायचं, अॅसिडनं शुद्ध करायचं, टंच, म्हणजे सोन्याचा कस, काढून द्यायचा. खानापूर, आटपाडी, तासगाव, खटाव, माण आणि आमच्या तालुक्यातली पोरं या कामासाठी देशभर पांगली. 1972 च्या दुष्काळानं त्यांची संख्या वाढवली, पण वाट त्याच्या आधीचीच आहे. केरळातल्या एखाद्या सराफ गल्लीत मराठीत हाक मारली तर कुणीतरी ओ देईल, असं आमच्याकडं गमतीनं म्हणतात.

बाहेर गेलेला माणूस गावाला पैसे पाठवतो, यात नवल नाही. पाहण्यासारखी आहे ती त्याची पद्धत. गलाईत पोरगं जातं ते नातेवाइकाच्या दुकानात. आधी भट्टी फुंकायची, मग दोन-चार वर्षांनी शेजारच्या गावात स्वतःचं दुकान टाकायचं. भांडवल उसनं मिळतं तेही ओळखीवरच. परक्याचं सोनं हाताळायचं, तर विश्वास हेच खरं भांडवल. त्यामुळं एका फोनवर दहा दुकानं जागी होतात. वर्गणी चुकवली तर लग्नाच्या पंगतीत कुणीतरी ते काढतंच. कागद नाही, करार नाही, आणि तरी पैसा बुडत नाही.

असं असूनही एक गोष्ट मला वीस वर्षं टोचते आहे. या वहीतून देवळाचं शिखर झालं, सभामंडप झाला, कमान झाली. मी ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं तिथं मुलींचं स्वच्छतागृह मात्र मी निवृत्त होईपर्यंत धड झालं नाही. भावाला एकदा विचारलं तर तो म्हणाला, "देतो की, पण पाटी कुठं लावणार?" रागावलो होतो. नंतर वाटलं, त्याचं काय चुकलं? पन्नास वर्षं परमुलखात अॅसिडचा धूर खाल्लेल्या माणसाला गावात आपलं नाव कुठंतरी दिसावंसं वाटणारच. संडासाच्या दारावर ते लावता येत नाही, एवढीच अडचण.

माझा एक विद्यार्थी अमेरिकेत डॅलसला असतो. त्याला हे सांगितलं तेव्हा तो हसला. त्याच्या ऑफिसात सफाईला येणारी मेक्सिकोची माणसं अगदी हेच करतात म्हणाला. मग मी वाचत गेलो. मेक्सिकोत झाकातेकास नावाचं कोरडं राज्य आहे. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या अमेरिकेत मजुरीला जातात. तिकडं एकेका गावाचा क्लब असतो. रविवारी नाच-गाणी, जेवणावळी करून पैसा जमवायचा आणि गावाकडं चर्च, चौक, रस्ता, पाण्याची टाकी करायची. पुढं सरकारनं त्याला जोड दिली. क्लबच्या एका डॉलरमागं केंद्र, राज्य आणि नगरपालिका यांनी प्रत्येकी एक घालायचा. 'एकाला तीन' अशी ही योजना 2002 पासून देशभर चालली. नंतर सरकार बदललं आणि केंद्रानं हात काढून घेतला. आपल्याकडच्या लोकवाट्याच्या योजना आठवून मला जवळचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

पण त्यांच्यातलेच काही शहाणे एक पाऊल पुढं गेले. अमेरिकेत मोठमोठी फाउंडेशनं आहेत. तिथल्या 2020 च्या जनगणनेत शंभरातली जवळजवळ एकोणीस माणसं लॅटिनो होती, म्हणजे मेक्सिको, पोर्तो रिको, मध्य आणि दक्षिण अमेरिकेकडची. फाउंडेशनांच्या शंभर डॉलरमधला त्यांच्या संस्थांकडं जाणारा वाटा मात्र एखाद-दीड डॉलरचाच. देणारे वाईट नव्हते, त्यांची ओळख नव्हती. शेतमजुरांच्या वस्तीत दवाखाना चालवणाऱ्या बाईला फाउंडेशनच्या साहेबाचं दार माहीत नाही, आणि साहेबाला ती बाई माहीत नाही. म्हणून 1983 साली फाउंडेशनांत काम करणाऱ्या काही लॅटिनो मंडळींनी 'हिस्पॅनिक्स इन फिलँथ्रॉपी' नावाचं जाळं उभारलं. दोघांची गाठ घालून द्यायची, लहान संस्थांना हिशेब आणि अर्ज शिकवायचे, अनेकांचा पैसा एकत्र करून वाटायचा. मध्यस्थाचं हे काम म्हणजे आमच्या गलाईतलं टंच काढणंच. सोनं कुणाचं का असेना, कस सांगणारा विश्वासाचा लागतो.

आपल्या मराठी माणसांनीही हे केलेलं आहे. अमेरिकेतलं महाराष्ट्र फाउंडेशन 1978 चं, म्हणजे त्यांच्याहून पाच वर्षं जुनं. 1994 पासून या फाउंडेशनचे पुरस्कार सुरू झाले आणि आडगावात राबणाऱ्या कितीतरी कार्यकर्त्यांची नावं उरलेल्या महाराष्ट्राला त्यातून कळली. पुण्यात पितृपंधरवड्यात 'देणे समाजाचे' हे प्रदर्शन भरतं. त्यात संस्था आपापली टेबलं मांडून बसतात आणि देणारा समोरासमोर बोलून चेक लिहितो. आणि आमच्या सांगोल्यातच डॉ. संजीवनी केळकर यांचं माता बालक उत्कर्ष प्रतिष्ठान आहे. बायकांचं आरोग्य, बचत आणि शाळा असं काम या कोरड्या तालुक्यात उभं राहिलं.

परदेशी पैशाचं दार मात्र आता अरुंद झालंय. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते, आणि एका संस्थेनं घेतलेला पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. मोठीनं आणायचं आणि धाकटीला द्यायचं, ही वाटच बंद. आमच्यासारख्यांना उरल्या देशातल्या कंपन्या. 2013 च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकामाला ठेवावे लागतात. शाळेच्या कामासाठी मी गेलो होतो एका कंपनीकडं. समोरचा मुलगा नम्र होता. त्यानं तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब, नोंदणी आणि देणगीवरच्या करसवलतीचं 80जी चं प्रमाणपत्र मागितलं. मी पिशवीतून लाल वही काढली. तिच्यात एका पैशाचा घोळ नाही, पण त्याला ती वाचता येईना. त्यानं चहा पाजला.

घरी येईपर्यंत राग धरून होतो. मग कर्मवीर भाऊराव पाटलांचा मुष्टिफंड आठवला. घराघरांतून मूठभर धान्य जमवून वसतिगृहं चालली. पण त्या मुठीमागं 1919 साली स्थापलेली रयत शिक्षण संस्था उभी होती, म्हणून ते टिकलं.

यंदा कोईमतूरला फोन केला तो पुतण्यानं उचलला. भाऊ आता दुकानात बसत नाही. पुतण्या म्हणाला, "काका, यात्रेचे देतोच. शाळेचेही देऊ, पण रोख नको. दोन हजारांच्या वर रोख दिलं तर करात सवलत मिळत नाही. खातं नंबर पाठवा." पाटीचं त्यानं विचारलंच नाही. मीच विचारलं. तो म्हणाला, "काका, मी गावाला येतो वर्षातून चार दिवस. पाटी बघणार कोण?"

खातं हवं म्हणजे ट्रस्ट हवा, ट्रस्ट हवा म्हणजे सोलापूरला धर्मादाय कार्यालयात नोंदणी हवी. घटनेचा मसुदा झाला, विश्वस्त झाले, त्यांत पारावर भांडून दोन बायकाही घेतल्या. अडलंय ते नावापाशी. एक गट म्हणतो नाथाचं नाव द्या, दुसरा म्हणतो शाळेचं. वकिलांनी तीन पर्याय लिहून आणा म्हणून सांगितलंय. वहीच्या शेवटच्या पानावर मी दोन लिहिलेत. तिसरा पुतण्याला विचारणार आहे.