पहिल्या बर्फाचा घात

महार रेजिमेंट १९४१ साली उभी राहिली तेव्हापासून आपल्या कित्येक घरांत फौजेची परंपरा आहे. पोराची नेमणूक 'वर, बर्फात' झाली की आईला घास गोड लागत नाही. तिथल्या थंडीची तिला कल्पना असते. पण बर्फ उतारावरून कसा सुटतो, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

आपला समज असा की भर हिवाळ्यात ढीगभर बर्फ साचल्यावरच धोका. पण घाताची तयारी पहिल्या बर्फातच होते! ऑक्टोबर-नोव्हेंबरात वीतभर बर्फ पडतो, मग आभाळ मोकळे राहते. बर्फाखालची जमीन शून्य अंशाच्या आसपास, वर रात्रीची हवा उणे वीस. थर पातळ, त्यामुळे तळाची वाफ झपाट्याने वर सरकते आणि तळाशी जाड्या साखरेसारखे सुटे दाणे तयार होतात. ते एकमेकांना धरत नाहीत. त्यावर नवा बर्फ पडतो, वारा तो दाबून लादीसारखा करतो. सांडलेल्या ज्वारीवर फरशी ठेवावी, तसे! तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर मग एका माणसाचे पाऊलही पुरते.

१८ नोव्हेंबर २०१९ रोजी सियाचीनच्या उत्तर भागात सुमारे १९,००० फुटांवर आठ जणांची तुकडी हिमस्खलनात सापडली. चार जवान गेले, त्यांच्याबरोबर दोन हमालही. हमालांची आठवण कितीजणांना आहे?

गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढले तर तो बहुधा वाचतो. अर्ध्या तासानंतर श्वास कोंडून आशा फार उरत नाही. म्हणजे वाचवणार तो शेजारचाच सोबती. त्याच्याजवळ ठावठिकाणा सांगणारे यंत्र, लांब सळई आणि फावडे हवे.

२८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथजवळच्या माणा येथे रस्त्याच्या कामावरील ५४ मजूर बर्फाखाली सापडले. ४६ वाचले, आठ दगावले. कित्येकजण लोखंडी कंटेनरमध्ये होते म्हणून तगले. चंडीगडच्या संरक्षण संशोधन संस्थेने आदल्या संध्याकाळीच त्या जिल्ह्यासाठी हिमस्खलनाचा इशारा दिला होता.

आपल्यातला कोणी तिकडे मजुरीला निघाला, तर त्याने पगाराआधी ठेकेदाराला दोन गोष्टी विचाराव्यात : मुक्काम कोणत्या उताराखाली आहे, आणि इशारा आला तर आम्हाला तिथून हलवणार कोण?